उतरती चाल

आमच्या भागात सकाळी लाऊडस्पीकरवर एक ठरावीक चाल लागली की हातातलं काम थांबवून माणसं एकमेकांना विचारतात, "कोण गेलं?" शब्द नीट कानावर यायच्या आधीच विचारतात. पेटीचे पहिले चार सूर पुरतात. ते वरून निघतात, एकेक पायरी खाली येतात आणि शेवटच्या पायरीच्या आधी थोडे थबकतात. लिंबागणेशपासून मांजरसुंब्यापर्यंत आणि आता तर पार माजलगावपर्यंत ही चाल मयताची म्हणून ओळखली जाते.

सत्यशीला काकू मात्र कधी विचारत नसत, कोण गेलं. अंगणात तूर पाखडत असल्या तर सूप तसंच हातात धरत, मान जराशी वाकडी करत आणि म्हणत, "थबकायच्या जागी घाई केली ह्यानं." मग पुन्हा पाखडायला लागत.

चाल त्यांची होती. आणि ती पाळण्याची होती.

काकूंचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं. त्यांची पेटी पलंगाखाली जुन्या सतरंजीत गुंडाळलेली असे. दुपारी घरातली माणसं पांगली की ती बाहेर निघायची. भिंतीपलीकडून आधी भात्याचा श्वास ऐकू यायचा, मग सूर. लहानपणापासून मी ते ऐकत आले, आणि पुढे त्यांच्याच तोंडून त्यांचं आयुष्य थोडं थोडं ऐकलं. काकू सलग कधी काही सांगत नसत. निवडताना, भाजताना, घडी घालताना एखादं वाक्य निसटायचं.

त्यांचे वडील आश्रुबा ह्याच गावचे. काकूंना गावातच दिलेलं, त्यामुळे माहेर आणि सासर एकाच वेशीत. आश्रुबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एका वर्षी कडबा कुट्टीच्या यंत्रात त्यांच्या डाव्या हाताची बोटं गेली. पट्ट्यांवर फिरायला उजवा हात शाबूत होता, पण भाता मारायला डावा उरला नाही. घरात मुलगा नव्हता. मग सत्यशीलेला समोर बसवलं. भाता पेटीच्या पाठीमागच्या अंगाला असतो, म्हणून बाप अलीकडे आणि लेक पलीकडे, मधे पेटी. ती भाता मारायची आणि बापाची बोटं बघायची.

"बाचा हात माझ्या डावीकडं सरकला की सूर चढायचा," काकू सांगत. "मला वाटायचं, पेटीत वर म्हंजी डावीकडंच असतं."

मोठी होईपर्यंत ती रोज पलीकडच्या बाजूला बसली. बापाच्या सगळ्या चाली तिने पाठ केल्या, पण समोरून बघून, आरशात बघावं तशा. मग एके दिवशी बाप रानात गेलेला असताना ती पहिल्यांदा अलीकडच्या बाजूला, त्याच्या जागेवर बसली. भाता एका हाताने, पट्ट्या दुसऱ्याने. बापाची रोजची चाल वाजवायला घेतली. हात ओळखीच्या दिशेला गेला आणि चढायच्या जागी सूर उतरले.

"आधी वाटलं पेटी बिघडली. मंग वाटलं मीच बिघडले. पर कानाला लई गोड लागलं, म्हणून पुढं वाजवत गेले."

आश्रुबा तेवढ्यात परतले होते. गोठ्यातून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "ही कुठं ऐकलीस गं?"

"तुमचीच हाय की, बा. ह्या अंगानं."

ते हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "पुन्ना वाजव." तिने पुन्हा वाजवली. त्यानंतर त्यांनी तिला सुलट बाजूने वाजवायला कधीच शिकवलं नाही. कुणी शिकवायला निघालं तर म्हणत, "ऱ्हाऊ द्या. सुलटं वाजवणारे गावात लई हायेत."

पुढे काकू सुलट वाजवायलाही शिकल्या, कानानेच. पण चाल करायला बसल्या की त्या उलट्या बाजूनेच जात. त्या ह्याला चालीची पाठ म्हणायच्या. लुगड्याच्या काठाला जशी एक बाजू दिसायची आणि एक अंगाला लागायची, तसं प्रत्येक चालीला तोंड असतं आणि पाठ असते. लोक तोंड बघून सोडून देतात. शाळेची प्रार्थना, गावच्या गणपतीची आरती, हळदीची दोन गाणी, सगळी त्यांची, कुठल्या ना कुठल्या जुन्या चालीच्या पाठीवरून उचललेली. पोरं शाळेत ती प्रार्थना म्हणत मोठी झाली. मीही झाले. चाल कुणाची असेल असं कधी मनात आलं नाही, जसं विहीर कुणी खणली असेल हे मनात येत नाही. गावात त्यांच्याबद्दल एवढंच म्हणत, "अभिमन्यूची बायको पेटी बरी वाजवती."

अभिमन्यू काका मांजरसुंब्याला एका ढाब्यावर भट्टीला होते. पेटीला त्यांचा विरोध नव्हता, आणि पेटीकडे लक्षही नव्हतं. भाकरी वाढताना काकू नवी चाल गुणगुणत असल्या तर म्हणायचे, "कालवणात मीठ हाय का गाणंच हाय नुसतं?" एवढ्यावर विषय संपायचा.

रोहिणी पोटात असताना काकूंनी तो पाळणा केला. बारशाला म्हणतात ते पाळणे बहुतेक चढते असतात, आनंदाचे असतात म्हणून. काकूंना ते पटत नसे. "लेकराला निजवायचं का उठवायचं? झोप काय खालून वर येती व्हय? ती वरून खाली उतरती. मंग चाल उतरतीच पाहिजे." शब्दही त्यांचेच.

उतर झोपे, उतर झोपे, पायरीनं ये
माझ्या चिमणीच्या दारी पाय न वाजवता ये

शेवटच्या पायरीच्या आधीचं ते थबकणं म्हणजे झोप दाराशी येऊन कानोसा घेते, लेकरू निजलंय का बघते. हे त्यांनी मला पेटीवर बोट ठेवून दाखवलं होतं. बोट पट्टीच्या अगदी वर थांबलं होतं, टेकलं नव्हतं.

रोहिणीच्या बारशाला बायकांना तो आवडला. एकीने विचारलं, "कुण्या गावचा गं हा?" काकू म्हणाल्या, "इथलाच." माझा, असं म्हणायला लाज वाटली. त्या वयात वाटणारच.

रोहिणी चालायला-बोलायला लागली होती तेव्हा आश्रुबा गेले. दहाव्याच्या संध्याकाळी मंडळ भजनाला जमलं. पेटीवर बसायला कुणी पुढे येईना, रोजचा वाजवणारा तर गेला होता. कुणीतरी म्हणालं, "आश्रुबाच्या दहाव्याला आश्रुबाची पेटी मुकी कशी ठेवायची?" काकू उठल्या आणि बसल्या. बाईने दहाव्याला पेटीवर बसावं की नाही, ह्यावर कुणी बोलायच्या आधीच भाता सुरू झाला होता. बापाच्या इतक्या चाली पाठ, पण त्या घटकेला एकही आठवेना. बोटं एकाच ठिकाणी गेली. पाळणा त्यांनी संथ केला, फार संथ, आणि शब्द तिथल्या तिथे फिरवले.

जा रे जीवा, जा रे जीवा, पायरीनं जा
दारी उभ्या लेकीकडं न पाहता जा

थबकायच्या जागी म्हातारी माणसं रडली. मंडळातला माऊली तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला, टाळ धरून बसायचा. तो पुढच्याच मयताच्या वेळी आला. "आक्का, ती आश्रुबाबाची चाल सांग की." काकूंनी सांगितली. बापाच्या नावाने चालतेय ह्याचा त्यांना आनंदच झाला. आश्रुबाची चाल म्हणता म्हणता ती जुनी चाल झाली, आणि जुनी चाल म्हणता म्हणता मयताची. सासू म्हणाली, "आता लेकरावर ती म्हणत जाऊ नकोस." काकू दार लावून म्हणायला लागल्या, हळू आवाजात. रोहिणी त्यावर निजायची. पण गावातल्या दुसऱ्या कुणाच्या बारशाला तो पाळणा पुन्हा कधी म्हटला गेला नाही. तिथे काकू चढते पाळणे वाजवत.

माऊली पुढे मंडळाचा मुख्य झाला. त्याचा आवाज खरोखर चांगला आहे. त्याने ती चाल रेकॉर्ड करून मोबाईलवर टाकली आणि ती वाऱ्यासारखी गेली. अंत्ययात्रेच्या गाडीवर तीच, श्रद्धांजलीच्या सभेत तीच. खाली लिहिलेलं होतं, पारंपरिक.

काकूंनी एकदा त्याला पारावर गाठलं. मी सोबत होते.

"माऊली, तिथं माझं नाव घाल की रे."

"कुठं, आक्का?"

"त्या मोबाईलात. चाल माझी हाय नव्हं."

माऊली हसला, पण वाईट हसला नाही. "आक्का, नाव घातलं तर उद्या लोक तुला मयताला बोलवायला येतील. गाडीत पुढं बसवतील. बरं दिसंल का?"

"पारंपरिक कावून लिवलं मंग?"

"आश्रुबाबा गेले तवापासून चालत आली. म्हंजी परंपराच झाली की."

पारावरची माणसं हसली. काकूही थोडं हसल्या. घरी येताना म्हणाल्या, "त्याचंबी खरं हाय." आणि थोडं चालल्यावर, "पर मी ती निजवायला केली होती गं."

ह्या सगळ्यात वर्षं गेली. काकूंच्या बोटांचे सांधे धरायला लागले. सकाळी मूठ उघडायला गरम पाण्यात हात बुडवून बसावं लागायचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पट्टीवर पडे ते लाकडासारखं. दुपारचं वाजवणं कमी होत गेलं. भिंतीपलीकडून कधी कधी नुसताच भाता ऐकू येई, सूर नाही.

रोहिणी माजलगावला दिलेली. तिचे मालक तिकडे साखर कारखान्यात आहेत. माणसं बरी. पण रोहिणीची दोन लेकरं पोटातच गेली, दुसरं तर अगदी शेवटी. त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. काकूंनी ह्या काळात पाळणा एकदाही वाजवला नाही, भीतीने नव्हे, पोरीच्या कानावर उगाच जाईल म्हणून. ती माजलगावला होती तरी.

मागच्या पावसाळ्यात रोहिणीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाल्यामुळे डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला, म्हणून बारसं सासरीच करायचं ठरलं. ही बातमी आली त्या दिवसापासून काकू एकच गोष्ट बोलत होत्या. नातीच्या बारशाला तो पाळणा म्हणायचा, पाळण्यासारखा, त्याच्या खऱ्या लयीत. बोटं आहेत तोवर. एकदा तो पुन्हा पाळण्यावर म्हटला गेला की झालं. नाव नको, काही नको.

फोनवर रोहिणी म्हणाली, "आई, दुसरा एखादा म्हण ना."

"कावून?"

"सासूबाईंच्या मोबाईलात पण आहे ते माऊलीमामाचं."

"ते येगळं. ते मयताचं. ह्यात शब्द येगळे, लय येगळी. तू त्याच्यावरच निजायचीस."

"माहीत आहे," रोहिणी म्हणाली. मग म्हणाली, "ये मग पेटी घेऊन."

पेटीचा भाता फुटला होता. म्हणून आम्ही आधी बीडला उतरलो. पेटीचं एक कडं काकूंच्या हातात, एक माझ्या. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सलीमभाईंचं दुकान आहे. ते पेट्या दुरुस्त करतात, भजनवाल्यांच्याही आणि कव्वालीवाल्यांच्याही. त्यांनी पेटी उघडली, भात्यावर तळहात ठेवला.

"मावशी, हिला तर दमा झालाय."

"मलाबी झालाय. आधी तिचं बघा."

"दोघींचं नाही होणार माझ्याच्यानं." त्यांनी चामडं कापलं, डिंक लावला, वर वजन ठेवलं. वाळेपर्यंत चहा मागवला. मग पेटी काकूंकडे सरकवली. "वाजवून बघा."

काकूंनी पाळणा वाजवला. लय खरी, हलती, पाळण्याच्या दोरीची. आखडलेल्या बोटांमुळे एक-दोन सूर पुसट पडले, पण थबकायच्या जागी हात बरोबर थांबला. सलीमभाई डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्याकडे मयताला भजन नसतं. माऊलीची चाल त्यांच्या कानावर गेली असेल-नसेल, पण त्यांनी ती ओळखली नाही.

"बंद करा मावशी," ते म्हणाले. "झोप यायला लागली. गिऱ्हाईक आलं तर दुकानात कोण बघंल?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा चेहरा पाहिला नव्हता. माजलगावच्या बसमध्ये त्या सारखं म्हणत होत्या, "झोप यायला लागली म्हणला." खिडकीतून उसाचे फड मागे जात होते. त्या बोटं उघडून मिटत होत्या, उघडून मिटत होत्या, सैल राहावीत म्हणून.

बारशाला घर भरलं होतं. पाळण्याला झेंडू बांधलेले, खाली घुगऱ्यांची परात. रिवाजाप्रमाणे आधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्यात निजवून झाला, मग बाळाला ठेवलं. नाव सायली ठरलं होतं. रोहिणीच्या सासूबाई सत्यभामाबाई स्वतः काकूंना पाळण्याजवळ घेऊन गेल्या. "विहीणबाई, आता तुमची पेटी होऊ द्या. लई ऐकलंय तुमचं."

काकूंनी भाता ओढला. पहिले चार सूर उतरले.

बायका गप्प झाल्या. कौतुकाने झाल्या असं क्षणभर वाटलं. काकूंनी पहिली ओळ घेतली, उतर झोपे, उतर झोपे. तेवढ्यात भिंतीजवळची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ही ती गाडीवरची नव्हं का?" दुसरी म्हणाली, "शब्द बदलल्यात नुसते." कुणीतरी पाळण्याची दोरी हातातून सोडली. पाळणा आपोआप हलत राहिला आणि काकू वाजवत राहिल्या. थबकायची जागा आली आणि त्या थबकल्या. त्या शांततेत सत्यभामाबाईंचा आवाज आला.

"विहीणबाई, चुकून दुसरीच लागली तुमची."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "हीच. ही माझी हाय."

म्हातारी पटकन पुढे आली. "अवं बाई, असं कावून बोलता? तुमच्यासाठी ती लागायला अजून लई दिस हायेत. नातीच्या बारशाला आपल्या मरणाचं बोलू नये."

काकूंना आधी कळलंच नाही. मग कळलं. ही माझी आहे, ह्याचा त्या घरात दुसरा अर्थच उरला नव्हता.

तेव्हा रोहिणी बोलली. आईला सावरायलाच बोलली ती. "तसं नाही म्हणत आई. ही चाल तिनेच केलीय. मयताची नाही, पाळण्याचीच आहे. माझ्या बारशाला हीच म्हटली होती."

सत्यभामाबाई तिच्याकडे वळल्या. रागाने नाही. एखादी हरवलेली वस्तू अचानक समोर दिसावी तशा.

"तुझ्या बारशाला? तू पाळण्यात असताना?"

रोहिणीने मान हलवली.

"म्हंजी हे तवापासूनचं हाय," त्या म्हणाल्या. पुढचं म्हणायची गरज नव्हती. खोलीतल्या सगळ्या बायकांना ती दोन लेकरं ठाऊक होती. मी रोहिणीकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर आधी आईसाठी आलेला तो ठामपणा होता, मग तो हळूहळू खाली उतरत गेला. ती वाकली, सायलीला पाळण्यातून उचललं, छातीशी धरलं आणि हाताच्या पंजाने तिचा कान झाकला. पेटी तर तेव्हा बंद होती.

बाळाला आतल्या खोलीत नेलं. कुणी आवाज चढवला नाही, हे सांगायला हवं. सत्यभामाबाईंनी तांब्या आणवला. "विहीणबाई, मोरीवर पाय धुऊन घ्या. मनात काही धरू नका. आपलं बरं असतं." मयताहून आल्यावर धुतात तसे काकूंनी पाय धुतले, हात धुतले, डोळ्यांना पाणी लावलं. पाळण्यातली चादर बदलली गेली. मग बाळाला परत आणलं आणि कुणीतरी म्हणालं, "आता चांगला म्हणा एखादा."

काकूंनी वाजवला. चढता, सगळ्यांना येतो तो. सुलट बाजूने, एकही सूर न चुकवता. बायकांनी साथ धरली. घुगऱ्या वाटल्या. सायली त्या सगळ्या गोंधळात टक्क जागी होती.

परतीच्या वाटेवर बीड आलं तेव्हा सलीमभाईंच्या गल्लीकडे काकूंनी बघितलं नाही. पेटीच्या कड्याला मी दोन्ही हात लावले, कारण त्यांचा हात मिटलेलाच राहिला होता, उघडत नव्हता.

पुढे काही दिवसांनी रोहिणीचा फोन आला. दुपार होती, मी त्यांच्या पडवीत शेंगा फोडत बसले होते. काकूंना फोन कानाशी धरता येत नव्हता, म्हणून तो पाटावर मोठ्या आवाजात ठेवलेला. इकडचं तिकडचं झालं. सायलीचं वजन, पाणी, कारखान्याचा धूर. मग रोहिणी म्हणाली, "आई, एक विचारू? खरं सांग."

"विचार की."

"माझ्या बारशाला खरंच तीच म्हटली होतीस का? का मलाच उगाच तसं वाटतं?"

काकूंनी पलंगाकडे पाहिलं. पलंगाखालची सतरंजी पडवीतून दिसत होती. मला वाटलं, त्या आता सगळं सांगतील. झोप कशी वरून खाली येते, बापाचा हात कसा डावीकडे जायचा, हे सगळं.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तुला कुठलं आठवतंय? तू एवढीशी. तुझ्या बारशाला दुसरीच होती. चढती."

"पण तू मला निजवताना म्हणायचीस. दार लावून. ते तर आठवतं मला."

"ती मंडळाची चाल. कानात बसलती, म्हणून तोंडात यायची. माझी न्हाई ती."

"तिथं तर तू म्हणालीस, माझी आहे."

"चुकून गेलं तोंडातून. म्हातारपण, दुसरं काय."

पलीकडून रोहिणीने सोडलेला श्वास ऐकू आला, लांब, आतपर्यंत अडकलेला. "बरं झालं," ती म्हणाली. "मी सासूबाईंना सांगते तसं."

"सांग. सायली निजली का?"

"निजतच नाही गं लवकर. अंग दुखेपर्यंत खांद्यावर घेऊन फिरते मी."

"निजंल," काकू म्हणाल्या. त्यांनी पुढे काही सुचवलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी पेटी माऊलीच्या मंडळाला देऊन टाकली. माऊली स्वतः न्यायला आला, पेटीला नमस्कार केला, म्हणाला, "आश्रुबाबाची पेटी हाय, जपतो आम्ही." सतरंजी मात्र काकूंनी ठेवून घेतली. ती आता पलंगाखाली घडी करून असते. भिंतीपलीकडून दुपारी मला भांड्यांचा आवाज येतो, सुपाचा येतो, काकांच्या खोकल्याचा येतो.

परवा सकाळी खालच्या आळीकडून लाऊडस्पीकर लागला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, काकू त्यांच्या अंगणात तूर पाखडत होत्या. पेटी त्यांचीच होती, आवाजावरून कळलं. वरून चार सूर निघाले, पायरी पायरी खाली आले. त्या दिवशी वाजवणाऱ्याने कुठे घाई केली नाही. थबकायच्या जागी तो बरोबर थबकला, जितकं थबकायला हवं तितकंच.

मी काकूंकडे बघितलं. सूप हातात थांबलं होतं. मान वाकडी झाली नव्हती.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.